मेल्यानंतर 34 वर्षांनी डाव मांडणारा गेझा मारोत्सी जिवंतपणी वर्ल्ड चॅम्पियन का होऊ शकला नाही?

1985 मध्ये बुद्धिबळाचा एक डाव सुरू झाला. काळी मोहरी होती व्हिक्टर कोर्चनॉयकडे. हा कोर्चनॉय म्हणजे 1978 आणि 1981 अशा दोन वेळा वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी कार्पोवशी भिडलेला माणूस, सोव्हिएत युनियन सोडून स्वित्झर्लंडला स्थायिक झालेला. पांढरी मोहरी होती हंगेरीच्या गेझा मारोत्सीकडे.

अडचण एवढीच होती की मारोत्सी 1951 मध्येच वारला होता.

हे सगळं घडवून आणलं वोल्फगांग आयझेनबाइस नावाच्या एका स्विस माणसानं. त्याला मृत्यूनंतर काय होतं या विषयाची ओढ आणि बुद्धिबळाचीही. त्यानं रॉबर्ट रोलान्स नावाच्या एका माध्यमाला गाठलं. माध्यम म्हणजे आपल्याकडे अंगात येतं म्हणतात त्यातला प्रकार, फक्त इथे माणूस घुमत नाही, कागदावर लिहितो. रोलान्सला बुद्धिबळ येत नव्हतं. कोर्चनॉयची चाल आयझेनबाइस त्याला कळवायचा, रोलान्स कागद घेऊन बसायचा आणि मारोत्सीची म्हणून जी चाल उतरेल ती परत कोर्चनॉयकडे जायची. कोर्चनॉय सतत प्रवासात, रोलान्स मधूनमधून आजारी. त्यामुळे एक डाव पुरा व्हायला पावणेआठ वर्षं लागली. फेब्रुवारी 1993 मध्ये 47 चालींनंतर मारोत्सीनं म्हणे डाव सोडला. पुढच्याच महिन्यात रोलान्सही गेला.

ही गोष्ट दर काही महिन्यांनी सोशल मीडियावर फिरत येते. सोबत एक किस्साही असतो. 1930 मध्ये इटलीत सान रेमोला झालेल्या स्पर्धेत मारोत्सी रोमी नावाच्या खेळाडूशी खेळला होता. त्याबद्दल विचारल्यावर माध्यमाकडून उत्तर आलं की त्या माणसाचं नाव रोमी नाही, रोमीह. शोधाशोध केल्यावर कळलं की मूळ नावात खरंच तो ह होता आणि इटलीत आल्यावर त्यानं तो गाळला होता.

भुताखेतांवर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. जुन्या स्पर्धांची पुस्तकं लायब्ररीत मिळतात आणि पावणेआठ वर्षांत कुणी कुणाला काय विचारलं हे तपासायला कुणी बसलेलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. पण डाव चालू असताना कोर्चनॉयनं एक निरीक्षण नोंदवलं होतं. समोरच्याची सुरुवात कच्ची आहे, जुन्या वळणाची आहे, पण डावाचा शेवट तो भक्कम खेळतो, त्यामुळे आपण जिंकूच याची खात्री वाटत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. आणि नेमकी हीच ख्याती जिवंत मारोत्सीची होती.

या भुताच्या गोष्टीमुळे जिवंत माणूस मात्र झाकला गेला. त्याच्या आयुष्यातला खरा पेच भुताटकीपेक्षा कितीतरी ओळखीचा आहे. नोकरी करायची की खेळायचं, हा तो पेच.

गेझा मारोत्सीचा जन्म 3 मार्च 1870 चा, हंगेरीच्या दक्षिणेला असलेल्या सेगेद या शहरातला. हंगेरीत आडनाव आधी लावतात, म्हणजे तिकडे तो मारोत्सी गेझा. सेगेदची जगाला ओळख आहे ती तिथल्या लाल मिरचीपुडीमुळे. शेजारून तिसा नदी वाहते. मारोत्सी 9 वर्षांचा असताना, मार्च 1879 मध्ये, या नदीला असा पूर आला की जवळजवळ अख्खं शहर वाहून गेलं आणि ते नव्यानं वसवावं लागलं.

इंजिनिअरिंग शिकायला तो स्वित्झर्लंडमध्ये झ्युरिकला गेला. बुद्धिबळाचं खरं वेड तिथलं. त्या काळी युरोपातल्या प्रत्येक मोठ्या शहरात कॉफी हाऊस असायची आणि कॉफी हाऊसमध्ये पट मांडलेले असायचे. पैसे लावून खेळणारे असायचे, शेजारी उभं राहून फुकट चाली सुचवणारेही असायचे. बुद्धिबळाचं शिक्षण बहुतेकांना असंच मिळायचं.

1895 मध्ये इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला त्या काळातली सगळ्यात मोठी स्पर्धा भरली. वर्ल्ड चॅम्पियन इमॅन्युएल लास्कर, माजी चॅम्पियन श्टाइनिट्स, रशियाचा चिगोरिन, जर्मनीचा टाराश, सगळे एका ठिकाणी. ती स्पर्धा जिंकली हॅरी पिल्सबरी या 22 वर्षांच्या अमेरिकन पोरानं आणि तो रातोरात हिरो झाला. त्याच गावात, त्याच वेळी शेजारी एक दुय्यम स्पर्धाही चालू होती, हौशी खेळाडूंची. ती मारोत्सीनं जिंकली.

पुढच्याच वर्षी, 1896 मध्ये, त्याला न्युरेम्बर्गच्या मुख्य स्पर्धेत जागा मिळाली. निकाल लागला तेव्हा पहिला लास्कर आणि दुसरा मारोत्सी. पिल्सबरी आणि टाराश त्याच्या मागे. वर्षभरापूर्वी हौशी गटात खेळणारा माणूस वर्ल्ड चॅम्पियनच्या पाठोपाठ येऊन उभा राहिला होता.

1899 मध्ये लंडनला पुन्हा लास्कर पहिला आणि मारोत्सी, पिल्सबरी, यानॉव्स्की असे तिघं बरोबरीनं दुसरे. 1900 मध्ये म्युनिकला तो पिल्सबरी आणि श्लेख्टर यांच्याबरोबर पहिल्या क्रमांकाचा वाटेकरी. मग आली मॉन्टे कार्लोची वर्षं.

मॉन्टे कार्लो म्हणजे जुगाराचं गाव. तिथल्या कॅसिनोच्या आश्रयानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दरवर्षी बुद्धिबळाच्या स्पर्धा भरायच्या. 1902 च्या स्पर्धेला एक विचित्र नियम होता. डाव बरोबरीत सुटला तर दोघांना अर्धा नाही, पाव पाव गुण मिळायचा आणि उरलेल्या अर्ध्या गुणासाठी दोघांना पुन्हा खेळावं लागायचं. बरोबरीत सोडवून आरामात बसणाऱ्यांना चाप लावायला काढलेली ही युक्ती. त्या स्पर्धेत मारोत्सीचे 14 पूर्णांक तीन चतुर्थांश गुण झाले आणि पिल्सबरीचे साडेचौदा. पाव गुणानं मारोत्सी पहिला.

1903 ला तिथेच तो दुसरा आला, टाराशच्या मागे. 1904 ला पुन्हा पहिला. 1905 मध्ये बेल्जियममधल्या ऑस्टेंडची लांबलचक स्पर्धा त्यानं जिंकली आणि त्याच वर्षी जर्मनीत बार्मेनला यानॉव्स्कीबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला.

तेव्हा रेटिंग नव्हतं. चेसमेट्रिक्स नावाच्या प्रकल्पात जुन्या निकालांवरून त्या काळच्या खेळाडूंचं रेटिंग मागाहून काढलं गेलं आहे. त्या आकडेमोडीत 1904 ते 1907 च्या दरम्यान बराच काळ जगात एक नंबरला मारोत्सी दिसतो, लास्करच्याही वर. लास्कर त्या काळात फार कमी खेळत होता, म्हणून या आकड्याला थोडं मीठ लावूनच घ्यायला हवं. तरीही लास्करला हरवण्याची शक्यता कुणात असेल तर याच्यात, असं मानलं जावं इतपत त्याचा दबदबा होता.

आता तो खेळायचा कसा, हे थोडं समजून घेऊ.

मारोत्सी बचाव करायचा. समोरचा चढाई करून येतोय तर येऊ द्यायचं, एकेक चढाई शांतपणे परतवायची, सोंगट्या कमी होत जाऊ द्यायच्या आणि पटावर मोजकी मोहरी उरली की मग खेळाला सुरुवात करायची. त्यातही त्याची खासियत होती वजिरांचे शेवट. दोन्ही बाजूंना वजीर आणि थोडी प्यादी उरली की भले भले घाबरतात, कारण वजीर कुठूनही शह देऊ शकतो आणि जिंकत आलेला डाव शहांच्या माळेत बरोबरीत जातो. अशा वेळी आपला राजा लपवून ठेवावा असं कुणालाही वाटेल. मारोत्सी राजाला घेऊन पटाच्या मधून चालत जायचा, कुठे उभं राहिलं की शह संपतात हे त्याला दिसायचं. 1907 मध्ये कार्ल्सबादला फ्रँक मार्शलविरुद्ध तो असाच एक शेवट जिंकला. तो डाव एंडगेमच्या पुस्तकांत अजून शिकवला जातो.

म्हणून तो रटाळ होता असं नाही. 1903 मध्ये व्हिएन्नाला एक स्पर्धा झाली होती, जिथे प्रत्येक डावात किंग्ज गॅम्बिट खेळणं सक्तीचं होतं. किंग्ज गॅम्बिट म्हणजे दुसऱ्याच चालीला प्यादं देऊन टाकायचं आणि मारामारीला सुरुवात करायची. तिथे चिगोरिनविरुद्ध मारोत्सीनं घोडा देऊन चढाई केली आणि डाव मारला. हे येत होतं त्याला. फक्त गरज नसताना तो करायचा नाही.

त्याचं नाव आज बहुतेक खेळाडूंना माहीत असतं ते मात्र एका प्याद्यांच्या मांडणीमुळे. मारोत्सी बाइंड. ऑनलाइन खेळणाऱ्यांनी सिसिलियन बचाव खेळताना कधीतरी हिचा मार खाल्लेला असेल. पांढरा आपली दोन प्यादी सी4 आणि ई4 वर ठेवतो. दोन्ही प्याद्यांचा मारा डी5 या घरावर पडतो. सिसिलियन खेळणाऱ्या काळ्याची सगळी धडपड असते ती कधीतरी डी5 ला प्यादं ढकलून मोकळं व्हायची. तेच घर बंद झालं की काळा कोंडला जातो. पांढरा घाई करत नाही, हळूहळू आवळत जातो. कितीतरी वर्षं उस्ताद खेळाडू असं मानत होते की काळ्यानं ही मांडणी होऊ दिली म्हणजे त्यानं चूकच केली. नंतर काळ्याला त्यातून सुटायच्या वाटा सापडल्या, पण नाव कायम राहिलं. यातली गंमत अशी की या मांडणीचा सगळ्यात जुना ज्ञात डाव 1904 च्या मॉन्टे कार्लोचा आहे, जर्मनीच्या श्विडर्स्कीनं मारोत्सीविरुद्ध खेळलेला. म्हणजे मारोत्सी बाइंड आवळला गेला तो खुद्द मारोत्सीवर.

तर 1906 साल उजाडलं. मारोत्सी 36 वर्षांचा, फॉर्मच्या शिखरावर. त्या काळी कँडिडेट्स स्पर्धा वगैरे भानगड नव्हती. वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान द्यायचं, पैसे उभे करायचे, अटी ठरवायच्या आणि चॅम्पियन हो म्हणाला तर खेळायचं. लास्कर अटींच्या बाबतीत फार कडक होता, फुकट खेळणं त्याला मान्य नव्हतं. तरीही मारोत्सीशी सामना ठरला, करार झाला. सामन्याच्या ठिकाणांत क्युबाची राजधानी हवाना होती. तिथे बुद्धिबळाला पैसे देणारे हौशी श्रीमंत होते, श्टाइनिट्सचे सामनेही तिथे झाले होते.

ऑगस्ट 1906 मध्ये क्युबात सरकारविरुद्ध बंड झालं. सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षानं राजीनामा दिला आणि अमेरिकेनं सैन्य उतरवून देश ताब्यात घेतला. अशा वेळी बुद्धिबळाच्या सामन्याला पैसे कोण देणार? इकडे युरोपातल्या वाटाघाटीही अडकल्या. सामना बारगळला. लास्करनं पुढच्या वर्षी मार्शलशी सामना खेळला आणि 15 डावांत एकही न हरता 8 जिंकून त्याला लोळवलं. हा तोच मार्शल, ज्याच्याविरुद्ध मारोत्सीचं पारडं नेहमी जड असायचं.

पुन्हा तशी संधी आली नाही. आणि खरं सांगायचं तर मारोत्सीनंही ती आणण्यासाठी आकाशपाताळ एक केलं नाही. कारण त्याला नोकरी होती.

आधी तो गणित शिकवायचा. मग बुडापेस्टमध्ये कामगार विम्याच्या कचेरीत हिशेब तपासनीस झाला. म्हणजे कल्पना करा, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ईएसआयचे कागद तपासायला एक माणूस येतो. हजेरीपट बघतो, पगारातून किती कापले आणि किती भरले ते ताडून पाहतो, चहा घेतो, सही करून निघून जातो. कारखान्यातल्या कुणालाही पत्ता नाही की हा माणूस बुद्धिबळात जगातल्या पहिल्या दोघा-तिघांत आहे. मारोत्सीचं काम साधारण त्या जातीचं होतं. आकडे जुळले की नाही ते बघायचं. त्याच्या खेळाशी हे किती जुळतं हे सांगायला नको.

तेव्हाच्या स्पर्धा महिना महिना चालायच्या. कार्ल्सबादला 1907 मध्ये 21 खेळाडू होते, म्हणजे प्रत्येकाला 20 डाव. प्रवास रेल्वेनं आणि बोटीनं. नोकरदाराला वर्षातून अशा किती स्पर्धा झेपणार? तरी त्या कार्ल्सबादला तो दुसरा आला, रुबिनस्टाइनच्या अर्धा गुण मागे. 1908 मध्ये व्हिएन्नाला डुरास आणि श्लेख्टर यांच्याबरोबर पहिला आला. आणि मग मारोत्सी थांबला. 38 व्या वर्षी. 1909 मध्ये त्यानं पॉल मॉर्फीच्या डावांचं एक जाडजूड पुस्तक काढलं, 1911 ला स्पेनमध्ये सान सेबास्टियनच्या स्पर्धेत तो खेळला, पण एकूण पुढची दहा-बारा वर्षं तो प्रामुख्यानं नोकरदार होता. कचेरीत त्याची बढती होत राहिली.

हे वाचून हळहळ वाटते. पण त्यानं असं का केलं असेल, याचं उत्तर त्याच्या बरोबरीच्या लोकांचं काय झालं ते पाहिलं की मिळतं.

श्टाइनिट्स, जगाचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन, 1900 मध्ये न्यूयॉर्कच्या वेड्यांच्या इस्पितळात कफल्लक अवस्थेत मेला. रुडॉल्फ खारौसेक हा हंगेरीचाच तरुण, न्युरेम्बर्गला लास्करला हरवणारा. मारोत्सीपेक्षाही जास्त प्रतिभा त्याच्यात आहे असं बरेच जण म्हणायचे. 1900 मध्ये क्षयानं गेला, वय 26. पिल्सबरी 1906 मध्ये गेला, वय 33. आणि कार्ल श्लेख्टर. 1910 मध्ये त्यानं लास्करविरुद्धचा वर्ल्ड चॅम्पियनशिपचा सामना 5-5 असा बरोबरीत आणला होता, म्हणजे आणखी एक डाव आणि इतिहास बदलला असता. पहिलं महायुद्ध संपता संपता युरोपात अन्नाची टंचाई होती. डिसेंबर 1918 मध्ये श्लेख्टर बुडापेस्टमध्ये मेला. निदान न्यूमोनियाचं, पण अंगात रोगाशी लढायला काही उरलं नव्हतं, उपासमारीनं शरीर पोखरलं होतं. मारोत्सीच्याच शहरात, मारोत्सीबरोबर दोनदा पहिला नंबर वाटून घेतलेला माणूस.

पटावर मिळवलेल्या नावानं पोट भरत नाही, हे मारोत्सीला पुस्तकातून वाचायची गरज नव्हती.

पण नोकरीही भरवशाची नसते, हे त्याला पुढच्याच वर्षी कळलं.

महायुद्धात हंगेरी हरलेल्या बाजूला होती. ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य फुटलं. मार्च 1919 मध्ये बेला कुन या नेत्याच्या हाताखाली बुडापेस्टमध्ये कम्युनिस्ट सरकार आलं. मारोत्सी तेव्हा शिक्षण खात्यात मुख्य हिशेब तपासनीस झाला. सरकारं येतात जातात, हिशेब तपासायला माणूस लागतोच. पण हे सरकार 133 दिवसांत पडलं. त्यानंतर मिक्लोश होर्तीच्या लोकांची सत्ता आली आणि कम्युनिस्टांबरोबर ज्यांचा ज्यांचा संबंध आला होता त्यांना शोधून काढणं सुरू झालं. कुणाला गोळ्या घातल्या, कुणाला तुरुंगात टाकलं. मारोत्सीच्या वाट्याला आलं ते तुलनेनं सौम्य होतं. त्याला नोकरी मिळेना. होर्तीच्या चळवळीची सुरुवात जिथून झाली ते गाव होतं सेगेद, त्याचं जन्मगाव.

पन्नाशीला पोचलेला माणूस, हातात कागदपत्रं तपासायचा अनुभव, आणि कुठलीही कचेरी दारात उभी करत नाही. मग उरलं काय? ज्यावर विसंबून राहायचं नाही म्हणून आयुष्यभर सांभाळून पावलं टाकली, तेच. बुद्धिबळ.

1920 नंतरचा मारोत्सी म्हणजे पोटासाठी फिरणारा खेळाडू. कधी हॉलंड, कधी इंग्लंड, कधी अमेरिका. 1921 मध्ये त्यानं हॉलंडच्या मॅक्स युवेबरोबर सामना खेळला. युवे तेव्हा 20 वर्षांचा, पुढे 1935 मध्ये अलेखाइनला हरवून वर्ल्ड चॅम्पियन होणारा. 12 डावांचा सामना 6-6 असा सुटला. जग बदललं होतं. नव्या पिढीची पोरं नवनव्या ओपनिंग खेळत होती, पटाचा मधला भाग प्याद्यांनी न भरता लांबून मारा ठेवायचा असली नवी सूत्रं सांगत होती. ब्रेयर हा हंगेरीचाच खेळाडू त्यांत पुढे होता. मारोत्सी आपल्या जुन्या वळणानंच खेळत राहिला.

आणि 1923 मध्ये कार्ल्सबादला त्यानं सगळ्यांना गप्प केलं. 18 खेळाडूंची स्पर्धा. शेवटी तिघं बरोबरीनं पहिले. अलेखाइन, वय 30. बोगोल्युबोव्ह, वय 34. आणि मारोत्सी, वय 53. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला जगातले 11 निवडक खेळाडू बोलावले गेले, त्यात लास्कर, कापाब्लांका, अलेखाइन होते. मारोत्सी सहावा आला, बोगोल्युबोव्हच्या पुढे.

या फिरतीच्या वर्षांत त्यानं आणखी एक काम केलं, ज्याची मोजदाद त्याच्या गुणांमध्ये होत नाही.

इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या क्लबात एक मुलगी यायची. व्हेरा मेनचिक. जन्म मॉस्कोचा, वडील चेक, आई इंग्रज. रशियात क्रांती झाल्यावर हे कुटुंब तुटलं आणि ती आई-बहिणीबरोबर 1921 मध्ये इंग्लंडला आली. इंग्रजी धड येत नव्हतं. बुद्धिबळाला बोलावं लागत नाही, म्हणून तिला तो खेळ जवळचा वाटला असावा. मारोत्सी हेस्टिंग्जला होता तेव्हा त्यानं तिला शिकवलं. तिच्या खेळात मारोत्सी सरळ सरळ दिसतो. घाई नाही, भडक चाली नाहीत, फ्रेंच बचाव, भक्कम मांडणी आणि शेवटाला पकड. समोरच्या पुरुषाला आधी वाटायचं बाईचा खेळ आहे, आणि तीसेक चालींनंतर घाम फुटायचा. पुढे तर तिच्याकडून हरलेल्या मास्टर खेळाडूंचा व्हेरा मेनचिक क्लब म्हणून थट्टेनं उल्लेख व्हायला लागला. युवे या क्लबचा मेंबर झाला. आणि सुलतान खानही.

सुलतान खान म्हणजे पंजाबातून मालकाबरोबर इंग्लंडला गेलेला आणि तीनदा ब्रिटिश चॅम्पियन झालेला भारतीय खेळाडू. 1932 च्या लंडन स्पर्धेत मारोत्सी, मेनचिक आणि सुलतान खान तिघंही होते. अलेखाइन पहिला आला, सुलतान खान तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचा वाटेकरी, 61 वर्षांचा मारोत्सी त्याच्या मागे. हाच सुलतान खान भारतात परतल्यावर 1935 मध्ये व्ही. के. खाडिलकरांशी 10 डाव खेळला आणि फक्त एक बरोबरीत सोडून बाकी सगळे जिंकला. हा सुलतान खान पुढे बुद्धिबळातून गायबच झाला, पण ती वेगळी गोष्ट आहे.

मारोत्सीच्या उत्तरार्धातला सगळ्यात देखणा महिना मात्र जुलै 1927 चा. लंडनला पहिलं अधिकृत चेस ऑलिम्पियाड भरलं. 16 देश. हंगेरीच्या संघात पहिल्या पटावर 57 वर्षांचा मारोत्सी. ज्या देशात त्याला काही वर्षांपूर्वी साधी कारकुनी मिळत नव्हती, त्या देशासाठी तो खेळत होता. हंगेरीनं सुवर्ण जिंकलं. आणि त्याच वेळी, त्याच शहरात पहिली महिला वर्ल्ड चॅम्पियनशिप चालू होती. व्हेरा मेनचिकनं 11 पैकी साडेदहा गुण घेऊन ती जिंकली. ती मरेपर्यंत वर्ल्ड चॅम्पियन राहिली. जून 1944 मध्ये लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बॉम्बनं तिच्या घरातच तिचा, तिच्या आईचा आणि बहिणीचा जीव घेतला. मारोत्सी तेव्हा 74 वर्षांचा होता.

त्याच हिवाळ्यात बुडापेस्टला सोव्हिएत सैन्याचा वेढा पडला. दीड महिन्याहून जास्त काळ शहर गल्लीगल्लीत लढत होतं, डॅन्यूब नदीवरचे पूल उडवले गेले. ज्या सरकारला 1919 मधल्या त्याच्या नोकरीचा राग होता त्याचा हिशेब तोवर संपला होता. युद्धानंतर हंगेरीत कम्युनिस्ट आले, या वेळी कायमचे वाटावेत असे. मारोत्सी आता नोकरी शोधायच्या वयाचा राहिला नव्हता.

1950 मध्ये फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं पहिल्यांदाच ग्रँडमास्टर ही अधिकृत पदवी द्यायचं ठरवलं. त्याआधी हा शब्द वर्तमानपत्रवाले कुणालाही लावायचे. आज आपल्याला ग्रँडमास्टर म्हटलं की नॉर्म, 2500 रेटिंग हे सगळं आठवतं. प्रवीण ठिपसे 1997 मध्ये महाराष्ट्राचे पहिले ग्रँडमास्टर झाले, 2025 मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिला वर्ल्ड कप जिंकून थेट पदवी मिळवली. पहिल्या यादीत असलं काही मोजमाप नव्हतं. अख्ख्या जगातून 27 नावं निवडली. बोटविनिक, स्मिस्लोव, केरेस असे तेव्हाचे बलाढ्य खेळाडू होतेच, पण ज्यांचे दिवस कधीचेच सरले होते अशा म्हाताऱ्यांनाही त्यांच्या जुन्या कामगिरीसाठी मान दिला गेला. रुबिनस्टाइन होता, डुरास होता. आणि 80 वर्षांचा गेझा मारोत्सी होता. हंगेरीतून त्याच्याबरोबर होता 33 वर्षांचा लास्लो साबो, जो त्याच वर्षी बुडापेस्टला कँडिडेट्स स्पर्धेत खेळत होता. वर्ल्ड चॅम्पियनला आव्हान कोण देणार हे आता अशा स्पर्धेतून ठरत होतं. करार, हवाना, पैसेवाले आश्रयदाते यांची गरज उरली नव्हती.

29 मे 1951 रोजी मारोत्सी बुडापेस्टमध्ये वारला. पुढच्याच वर्षी, मार्च 1952 मध्ये, त्याच शहरात त्याच्या नावानं मोठी स्पर्धा भरवली गेली. केरेस पहिला आला, गेलर दुसरा. त्या वेळचा वर्ल्ड चॅम्पियन बोटविनिकही खेळायला आला होता. त्याला तिसऱ्या क्रमांकाच्या वाटेकऱ्यांत समाधान मानावं लागलं.